डॉक्सच्या अनेक आवृत्त्या सांभाळताना लिंका कशा लावाव्यात

समजा, एका ग्राहकाकडे तुमच्या सॉफ्टवेअरची ४.२ आवृत्ती आहे. तो ४.२ च्या डॉक्समधलं (म्हणजे वापराच्या माहितीच्या साइटवरचं) 'डेटाबेस हलवणे' हे पान वाचतोय. पानावर 'आधी बॅकअप घ्या' अशी लिंक आहे. तो ती दाबतो, पान उघडतं, त्यातली कमांड तो जशीच्या तशी चालवतो आणि ती चालत नाही. कारण उघडलेलं पान ५.० चं होतं आणि ती कमांड ४.२ मध्ये नव्हतीच. ही लिंक तुटलेली नव्हती, त्यामुळे तपासणीच्या कुठल्याही टूलने ती पकडली नसती.

तुटलेली लिंक निदान दिसते तरी. उघडणारी पण भलत्या आवृत्तीत नेणारी लिंक कोणाच्या लक्षात येत नाही आणि नुकसान वाचकाचं होतं. बहुतेक टीम फक्त ४०४ ('पान सापडलं नाही' ही चूक) मोजत बसतात, म्हणून या लेखात दुसऱ्या प्रकाराला जास्त जागा दिली आहे. डॉक्सची साइट बनवायला तुम्ही एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस, स्फिंक्स, अँटोरा यांपैकी कुठलंही टूल वापरत असाल तरी टप्प्यांचा क्रम हाच राहील.

## टप्पा १: आधी यादी, मग बदल

फाइलींना हात लावण्याआधी चार गोष्टी एका ठिकाणी लिहून काढा.

१. आज लोकांना दिसणाऱ्या आवृत्त्या कोणत्या आणि त्यांतल्या कोणत्यांना अजून सपोर्ट आहे.

२. आज चालू असलेले सगळे पत्ते. हे सोर्स फोल्डरमधून काढू नका, चालू साइटच्या साइटमॅपमधून (साइटवरच्या पत्त्यांच्या यादीतून) काढा. सोर्समध्ये फक्त आजची पानं असतात. मागे कधीतरी प्रसिद्ध होऊन अजून सर्व्हरवर पडून असलेली पानं त्यात सापडणार नाहीत.

३. सर्व्हरच्या लॉगमधले किंवा गूगल सर्च कन्सोलमधले ४०४. लोक कुठल्या जुन्या पत्त्यांवरून येताहेत ते इथे कळतं.

४. डॉक्सच्या बाहेरून येणाऱ्या तुमच्याच लिंका: प्रॉडक्टमधले 'अधिक माहिती' बटण, एरर मेसेज, इन्स्टॉलर, रीडमी, सपोर्टच्या ठरलेल्या ईमेल, ट्रेनिंगच्या पीडीएफ. प्रॉडक्टच्या कोडमध्ये डॉक्सचं डोमेन नाव शोधा. जवळपास दर वेळी अपेक्षेपेक्षा जास्त लिंका निघतात.

ही यादी डॉक्सच्या रेपोतच (सोर्स फाइलींच्या साठ्यात) साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती लागणार आहे.

तपासा: सपोर्ट टीममधल्या एकाला विचारा, 'ग्राहकांना तुम्ही रोज कुठल्या लिंका पाठवता?' तो सांगेल ती पानं यादीत नसतील तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: पत्त्याची रचना एकदाच ठरवा

आवृत्तीचा क्रमांक पत्त्यात एकाच जागी असावा आणि ती जागा कधी बदलू नये. उदाहरणार्थ, '/डॉक्स/४.२/बॅकअप/'. क्रमांक दोनच आकडी ठेवा, म्हणजे ४.२ इतकाच. ४.२.१, ४.२.२ अशा प्रत्येक छोट्या दुरुस्तीला वेगळे डॉक्स काढले तर सांभाळणं अशक्य होतं.

सर्वांत नव्या आवृत्तीलाही पहिल्या दिवसापासून क्रमांकाचा पत्ता द्या. इथे हमखास चूक होते. नवी आवृत्ती बिनक्रमांकाच्या मूळ पत्त्यावर ठेवली जाते आणि फक्त जुन्यांना क्रमांक मिळतात. मग ६.० आली की त्याच पत्त्यावर ६.० चा मजकूर येतो आणि ज्याने ५.० समजून लिंक जपून ठेवली होती त्याच्या पायाखालचं पान बदलतं. डॉक्युसॉरस तर मूळ सेटिंगमध्ये असंच वागतं: ताजी आवृत्ती बिनक्रमांकाची आणि तयार होत असलेली 'नेक्स्ट' खाली. ताज्या आवृत्तीला क्रमांकाचा पत्ता हवा असेल तर आवृत्त्यांच्या सेटिंगमध्ये तिचा पाथ तुम्हालाच लिहावा लागतो.

क्रमांकांच्या जोडीला एक फिरतं नाव ठेवा, जे नेहमी ताज्या रिलीजकडे बोट दाखवेल. हे नाव निवडताना गल्लत फार होते. रीड द डॉक्स या डॉक्स ठेवण्याच्या सेवेवर 'लेटेस्ट' म्हणजे मुख्य ब्रांच (सोर्सची चालू शाखा), म्हणजे अजून रिलीज न झालेला मजकूरही त्यात आला; शेवटचं रिलीज तिथे 'स्टेबल' या नावाखाली असतं. एमकेडॉक्ससोबत माइक (आवृत्त्या सांभाळणारं टूल) वापरणारे मात्र 'लेटेस्ट' हे नाव सहसा शेवटच्या रिलीजलाच देतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या डॉक्समध्ये तेच काम 'करंट' करतं. जँगोमध्ये 'स्टेबल' आणि 'डेव्ह' अशी दोन नावं आहेत. कुठलंही नाव घ्या, पण त्याचा अर्थ एका वाक्यात लिहून टीममध्ये फिरवा.

फिरत्या नावावर मजकूर थेट दाखवायचा की क्रमांकाच्या पत्त्याकडे रीडायरेक्ट करायचं, म्हणजे आपोआप वळवायचं? मी थेट दाखवण्याच्या बाजूचा आहे. रीडायरेक्ट केलं की ब्राउझरच्या पट्टीत क्रमांकाचा पत्ता येतो, वाचक तोच कॉपी करून पुढे पाठवतो आणि 'ताजी' म्हणून फिरायला हवी होती ती लिंक नकळत एका आवृत्तीला बांधली जाते. पोस्टग्रेएसक्यूएलचं 'करंट' किंवा पायथनच्या डॉक्समधलं '/३/' थेट मजकूर देतं ते याच दृष्टीने सोयीचं पडतं.

सावधान: तरीही रीडायरेक्टच करायचं असेल तर ३०२ (तात्पुरतं) वापरा. ३०१ (कायमचं) ब्राउझर लक्षात ठेवू शकतो. सहा महिन्यांनी तुम्ही नाव ६.० कडे वळवलंत तरी जुन्या वाचकाचा ब्राउझर सर्व्हरला न विचारता ५.० वरच जात राहील.

## टप्पा ३: प्रत्येक लिंकचा हेतू ठरवा

सगळी मेहनत इथे आहे. डॉक्समधली प्रत्येक लिंक तीनपैकी एका प्रकारची असते.

सोबतची लिंक. वाचक ज्या आवृत्तीत आहे त्याच आवृत्तीत राहायला हवा. डॉक्सच्या आतल्या बहुतांश लिंका याच. यात डोमेन लिहायचं नाही, आवृत्तीचा क्रमांक लिहायचा नाही, फिरतं नावही लिहायचं नाही. फक्त शेजारच्या फाइलचा सापेक्ष पाथ, म्हणजे या पानापासून मोजलेला.

ताजी लिंक. वाचक केव्हाही आला तरी आजची माहिती मिळायला हवी: वेबसाइटचं मुखपृष्ठ, डाउनलोडचं पान, सुरक्षेच्या सूचना, परवाना. इथे फिरतं नाव.

खिळवलेली लिंक. ठरावीक आवृत्तीच दिसायला हवी: रिलीज नोट्स, अपग्रेडची पानं, सपोर्ट तिकिटातलं उत्तर, बग रिपोर्ट. इथे क्रमांक.

प्रकार ओळखायला एकच प्रश्न पुरतो: पुढची आवृत्ती आल्यावर हीच लिंक दाबणाऱ्याला कुठे न्यायचं आहे?

अपग्रेडचं पान घ्या. ते ५.० च्या डॉक्समध्ये आहे. त्यात लिहिलंय, 'अपग्रेडपूर्वी जुन्या पद्धतीने बॅकअप घ्या, मग नव्या सेटिंग फाइलमध्ये पोर्ट भरा.' पहिली लिंक ४.२ च्या बॅकअपच्या पानाला खिळवायला हवी, कारण वाचकाच्या मशीनवर त्या क्षणी ४.२ च आहे. दुसरी सोबतची, कारण सेटिंग फाइल ५.० ची आहे. एकाच वाक्यात दोन प्रकार. अशा पानावर 'सगळं शोधा आणि बदला' चालवलंत तर एक लिंक नक्की बिघडेल.

टूलनिहाय थोडं:

डॉक्युसॉरसमध्ये मार्कडाउन फाइलचा सापेक्ष पाथ दिला तर टूल त्याच आवृत्तीचं पान शोधून देतं. '/डॉक्स/…' असा पूर्ण पाथ दिला तर वाचक कुठल्याही आवृत्तीत असो, तो त्या पत्त्यावर जे आहे तिथे, म्हणजे बहुधा ताज्या आवृत्तीत, जातो. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली चूक बहुतेक वेळा अशीच घडते.

अँटोरात लिंकमध्ये आवृत्ती लिहिली नाही तर त्याच घटकातली (एका प्रॉडक्टच्या डॉक्सच्या संचातली) लिंक त्याच आवृत्तीत राहते. दुसऱ्या घटकाकडे जाणारी लिंक मात्र त्या घटकाच्या ताज्या आवृत्तीकडे जाते. नियम चांगला आहे, पण माहीत नसेल तर सहज चकवतो.

स्फिंक्समध्ये आतल्या लिंकांना 'डॉक' आणि 'रेफ' या खुणा वापरा. दुसऱ्या प्रकल्पाच्या डॉक्सकडे जाताना इंटरस्फिंक्स वापरत असाल तर प्रत्येक ब्रांचमध्ये त्या प्रकल्पाची आवृत्ती स्पष्ट लिहा. पायथनचा '/३/' हा पत्ता सरकता आहे. आज बरोबर असलेली ४.२ ची ब्रांच दोन वर्षांनी पुन्हा बिल्ड केली (तिची साइट पुन्हा तयार केली) तर तिच्या लिंका भलत्याच पायथनकडे जातील.

जुना मजकूर दुरुस्त करताना या क्रमाने जा. आधी सोर्समध्ये स्वतःचं डोमेन शोधा. सापडलेली प्रत्येक लिंक संशयित. मग लिंकच्या पाथमधले आवृत्ती क्रमांक शोधा. शेवटी फिरतं नाव. प्रत्येक ठिकाणी वरचा प्रश्न विचारा आणि एकेक दुरुस्त करा. कंटाळवाणं काम आहे, पण ते एकदाच करायचं असतं.

सावधान: चित्रंही लिंकाच आहेत. डॉक्युसॉरसमधल्या 'स्टॅटिक' फोल्डरच्या आवृत्त्या निघत नाहीत. त्यातला स्क्रीनशॉट ५.० साठी त्याच नावाने बदललात तर तो ४.२ च्या पानावरही बदलतो. आवृत्तीनुसार बदलणारी चित्रं त्या पानाशेजारीच ठेवा आणि सापेक्ष पाथने जोडा.

## टप्पा ४: मथळ्यांचे अँकर हाताने द्या

पत्त्यात # नंतर येतो तो अँकर. बहुतेक टूल तो मथळ्याच्या शब्दांवरून आपोआप बनवतात. म्हणजे कोणी मथळ्यातला एक शब्द सुधारला की बाहेरून आलेल्या सगळ्या लिंका पानाच्या डोक्यावर जाऊन थांबतात. ४०४ येत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही.

मराठीत डॉक्स लिहिणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळायला हवं. एमकेडॉक्स ज्या पायथन-मार्कडाउनवर चालतं ते मूळ सेटिंगमध्ये अँकर बनवताना रोमन नसलेली अक्षरं गाळून टाकतं. अख्खा मथळा देवनागरीत असेल तर काहीच उरत नाही आणि अँकर बनतात '_१', '_२', '_३' असे, नुसते क्रमाने (आकडे अर्थात रोमन). मधे एक नवा मथळा घातला की त्याखालचे सगळे अँकर एकाने सरकतात. 'पासवर्ड बदलणे' वर जाणारी लिंक 'खातं बंद करणे' वर जाते! युनिकोड चालणारा स्लगिफाय (मथळ्यावरून अँकर बनवणारा भाग) लावला तर हे थांबतं, पण दुसरी अडचण येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात कॉपी होताना नऊ अक्षरांचं होतं. 'स्थापना' या शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे ६३ अक्षरांची लांबलचक माळ. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये ती मधेच तुटते.

म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक मथळ्याला रोमन लिपीत छोटा, ठरलेला अँकर हाताने द्या. मथळा मराठीतच राहू द्या. एकदा दिलेला अँकर दुसऱ्या मजकुराला पुन्हा वापरू नका.

जुना अँकर काढायची वेळ आली तर त्या जागी त्याच नावाचा रिकामा टॅग ठेवा. # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरवर रीडायरेक्ट लावून अँकर दुरुस्त करता येत नाही.

## टप्पा ५: पान हलवण्याआधी नकाशा लिहा

रेपोत एक फाइल ठेवा: जुना पाथ, नवा पाथ, कुठल्या आवृत्तीपासून. पानाचं नाव बदलणाऱ्या किंवा ते हलवणाऱ्या कमिटमध्येच (रेपोत नोंदवलेल्या बदलातच) या फाइलीत ओळ पडली पाहिजे. रिव्ह्यू करणाऱ्याने ती ओळ नसेल तर बदल परत पाठवावा. 'रीडायरेक्ट नंतर टाकू' म्हटलं की ते राहून जातं.

रीडायरेक्ट लावताना या चुका टाळा:

१. ५.० मध्ये पान हलवलं म्हणून ४.२ च्या पत्त्यावर रीडायरेक्ट लावू नका. तिथलं पान जागेवरच आहे. रीडायरेक्ट फक्त फिरत्या नावाखाली आणि ५.० खाली हवं. आवृत्ती न बघता सरसकट लावलेला नियम जुनी पानं गिळून टाकतो.

२. साखळी नको. ५.० मध्ये 'अ' चं 'ब' झालं आणि ६.० मध्ये 'ब' चं 'क' झालं, तर 'अ' थेट 'क' कडे न्या.

३. न सापडणारं प्रत्येक पान मुखपृष्ठावर पाठवू नका. वाचकाला आपण कुठे आलो ते कळत नाही आणि गूगलही अशा पानाला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे वरवर चालू पण खरं तर नसलेलं पान, समजतं. त्यापेक्षा शोधाची चौकट आणि आवृत्त्यांची यादी असलेलं खरं ४०४ पान बरं.

एमकेडॉक्सला रीडायरेक्टचं प्लगइन आहे, अँटोरात पानाच्या वरच 'पेज-अलायसेस' लिहिता येतं, रीड द डॉक्सच्या सेटिंगमध्येही सोय आहे. डॉक्युसॉरसचं रीडायरेक्ट प्लगइन फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये चालतं, डेव्हलपमेंट सर्व्हरवर नाही. तिथे 'चालत नाही' म्हणून ते काढून टाकू नका. गिटहब पेजेसवर स्वतःचे सर्व्हर रीडायरेक्ट लावता येत नाहीत. एचटीएमएल पानातून मेटा रिफ्रेशने (पानातच लिहिलेल्या वळवण्याच्या टॅगने) काम भागवावं लागतं आणि त्यात # नंतरचा भाग गळू शकतो. सर्व्हरच्या खऱ्या रीडायरेक्टमध्ये, नव्या पत्त्याला स्वतःचा अँकर नसेल तर, ब्राउझर जुना अँकर पुढे नेतो.

आवृत्ती बदलायच्या मेनूलाही हाच नकाशा वापरायला द्या. ५.० मधल्या नव्या नावाच्या पानावरून वाचकाने ४.२ निवडलं तर त्याला त्या पानाचं जुनं नाव मिळालं पाहिजे. ते पान ४.२ मध्ये नसेलच तर ४.२ च्या पहिल्या पानावर न्या आणि 'हा विषय या आवृत्तीत नाही' असं तिथे लिहा.

## टप्पा ६: आवृत्ती गोठवण्याचा क्रम

१. चालू ब्रांचची लिंक तपासणी आधी स्वच्छ करा. डॉक्युसॉरसमध्ये आवृत्ती काढली की अख्खं फोल्डर कॉपी होतं. त्यात तुटलेली एक लिंक असेल तर दर आवृत्तीगणिक तिची एक प्रत वाढते.

२. आवृत्ती काढा, क्रमांकाच्या पत्त्यावर चढवा, उघडून बघा.

३. मागच्या आवृत्तीवर 'ही जुनी आवृत्ती आहे' ही पट्टी लावा. पट्टीतली लिंक नव्या आवृत्तीतल्या त्याच पानाला जाऊ द्या, मुखपृष्ठाला नको.

४. फिरतं नाव सर्वांत शेवटी वळवा. माइकमध्ये ते आधीच दुसऱ्या आवृत्तीला दिलेलं असेल तर अलायस (फिरतं नाव) अपडेट करायचा पर्याय लावावा लागतो, नाहीतर कमांड अडते.

नाव आधी वळवून मजकूर नंतर चढवला तर मधल्या वेळात आलेल्या प्रत्येकाला अर्धवट डॉक्स दिसतात.

## टप्पा ७: तपासणी

बिल्डच्या वेळची तपासणी कडक करा, पण टूल मूळ सेटिंगमध्ये काय सोडून देतं ते जाणून घ्या. एमकेडॉक्सचा स्ट्रिक्ट पर्याय फक्त वॉर्निंगवर थांबतो. चुकीचे अँकर आणि डोमेनशिवायचे पूर्ण पाथ तो नुसते माहिती म्हणून नोंदवतो. व्हॅलिडेशनच्या सेटिंगमध्ये दोन्ही वॉर्नच्या पातळीवर आणा. डॉक्युसॉरस तुटलेल्या लिंकवर बिल्ड थांबवतं, तुटलेल्या अँकरवर मात्र फक्त इशारा देतं. तेही थांबवायला सांगा. स्फिंक्सला निटपिकी पर्याय (न सापडलेला प्रत्येक संदर्भ दाखवणारा) आणि वॉर्निंगला चूक मानायचा पर्याय, दोन्ही द्या.

बाहेरच्या साइटींकडे जाणाऱ्या लिंका लीची या टूलने किंवा स्फिंक्सच्या लिंकचेकने आठवड्यातून एकदा तपासा. प्रत्येक कमिटला तपासल्या तर दुसऱ्याचा सर्व्हर ४२९ ('फार वेळा विचारलंत') देऊन हाकलतो आणि टीम लाल खुणांकडे दुर्लक्ष करायला शिकते.

भलत्या आवृत्तीत नेणाऱ्या लिंका यापैकी कशानेच सापडत नाहीत. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहा: ४.२ चं तयार एचटीएमएल वाचायचं, पानाच्या मुख्य मजकुरातली आपल्याच डॉक्सकडे जाणारी प्रत्येक लिंक घ्यायची, ती ४.२ च्या बाहेर जात असेल तर छापायची. मेनू आणि पट्टी वगळा. खिळवलेल्या आणि ताज्या लिंकांची वेगळी यादी ठेवा. त्या यादीत नसलेली बाहेर जाणारी लिंक निघाली की बिल्ड थांबवा. तपासणीतलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

## टप्पा ८: शोधयंत्रांसाठी

गूगलवरून येणाऱ्याला जुनं पान आधी दिसत असेल तर जुन्या पानातल्या कॅनॉनिकल टॅगमध्ये ('मुख्य पान हे' असं सांगणाऱ्या) फिरत्या नावाखालच्या त्याच पानाचा पत्ता द्या. ते पान नव्या आवृत्तीत नसेल तर स्वतःचाच पत्ता. कॅनॉनिकल ही शोधयंत्राला केलेली सूचना असते, ती पाळली जाईलच असं नाही.

सावधान: 'नोइंडेक्स' (शोधात दाखवू नका ही खूण) लावलेलं पान रोबोट्स फाइलीत, म्हणजे शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलीत, अडवू नका. अडवलं तर गूगलला पान वाचताच येत नाही आणि त्यातला नोइंडेक्सही दिसत नाही.

## टप्पा ९: प्रॉडक्टच्या आतल्या लिंका

ग्राहकाच्या मशीनवर गेलेला एरर मेसेज तुम्हाला परत बदलता येत नाही. म्हणून त्यात डॉक्सचा खरा पत्ता कधीच लिहू नका. मधला एक पत्ता ठेवा, ज्यात विषयाचा ओळखशब्द आणि प्रॉडक्टची आवृत्ती असेल: '/जा/बॅकअप-अडला/४.२'. तो कुठल्या पानाकडे न्यायचा ते सर्व्हरवरच्या तक्त्यात ठरतं, ३०२ ने. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या 'एफडब्ल्यूलिंक' पत्त्यांमागे हीच पद्धत आहे. तिथे ओळखशब्दाच्या जागी आकडा असतो.

ओळखशब्द प्रॉडक्टच्या कोडमध्ये एकाच फाइलीत ठेवा. रिलीजच्या आधी ती फाइल वाचून प्रत्येक ओळखशब्द तक्त्यात आहे की नाही ते बिल्डमध्येच तपासून घ्या.

## टप्पा १०: जुनी आवृत्ती उतरवताना

किती आवृत्त्या ठेवायच्या ते आधीच जाहीर करा. कुबरनेटीसची साइट चालू आणि तिच्या मागच्या चार आवृत्त्यांचे डॉक्स ठेवते. तुमचे ग्राहक वर्षानुवर्षं अपग्रेड करत नसतील तर तुम्हाला जास्त ठेवाव्या लागतील.

उतरवण्याआधी शेवटच्या काही महिन्यांचे लॉग बघा. त्या आवृत्तीत रोज वाचक येत असतील तर सपोर्ट संपलेला असला तरी डॉक्स काढू नका. पट्टी लावा आणि राहू द्या. खरंच काढायचे असतील तर तयार एचटीएमएलची झिप डाउनलोडला ठेवा, नकाशाच्या आधारे प्रत्येक पान ताज्या आवृत्तीतल्या जोडीदार पानाकडे वळवा आणि जोडीदार नसलेल्या पानांना ४१० ('पान कायमचं काढलं') द्या. त्याच वेळी मधल्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या ४.२ च्या ओळीही बदला, नाहीतर जुन्या प्रॉडक्टमधलं मदतीचं बटण ४१० वर जाईल.

राहू दिलेली जुनी आवृत्ती पुन्हा पुन्हा बिल्ड करू नका. तयार एचटीएमएल जपून ठेवा. थीम आणि प्लगइन पुढे सरकलेली असतात आणि कोणी न मागितलेल्या एका बिल्डमुळे वर्षानुवर्षं नीट चालणाऱ्या लिंका बिघडतात.